दोन आवाजांत विचारणारे काका

ते प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत. पहिल्यांदा जाड आणि संथ आवाजात, विहिरीतून बोलल्यासारख्या. लगेच दुसऱ्यांदा, तोच प्रश्न, पण बारीक आणि भरभर. मी सकाळी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले की पडवीतून जाड आवाज यायचा, "काय गो, बरी आसस?"

मी खाली बघून म्हणायचे, "बरी आसंय."

मग बारीक आवाज. "काय गो, बरी आसस?"

"बरी आसंय."

"दोनय उत्तरां सारखी," ते पेजेचं भांडं घेत म्हणायचे. "म्हणजे अजून मी पाण्यातच आसंय."

पहिले काही महिने मला वाटलं, हे कानाने कमी असावेत. मग वाटलं, डोक्याने. आमच्या वाडीत सगळ्यांना तेच वाटत होतं. पुण्याला कसल्याशा डॉक्टरी यंत्रांच्या कंपनीत जन्म काढलेला माणूस नोकरी सोडून आईच्या बंद घरात येऊन राहतो, लग्नकार्याला विचारलं तर येत नाही, पण मासेवाली आली की तिच्याशी अर्धा तास बोलतो. एकदा मी तिथेच होते. त्यांनी जाड आवाजात विचारलं, "बांगडे ताजे आसत?"

"आसत मा. आताच होडयेतसून काढलेले."

बारीक आवाजात, "बांगडे ताजे आसत?"

मासेवालीने इकडे तिकडे बघितलं. पाटीवरची माशी हाकलली. "कालचे आसत," ती म्हणाली. "पण तुमी कोणाक सांगू नका."

त्यांनी खुशीत तेच बांगडे घेतले. नंतर मला म्हणाले, "पहिल्या प्रश्नाक माणूस सवयीन बोलता. तोच प्रश्न दुसऱ्या आवाजात ईलो की जरासो अडाकता. अडाकलो की समजायचां, लागला. तोपर्यंत आपण नुसतेच पाण्यात."

मी त्यांचं दोन वेळचं जेवण करायचे. आमचं घर त्यांच्या घराला लागून. घरात मी, माझा दादा आणि वहिनी. माझी शाळा चौथीत संपली. लग्न झालं नाही. बघायला माणसं आली की माझी छाती पळू लागायची. घाबरल्यावर धडधडते तशी नव्हे, एकदम कोणीतरी बटण दाबल्यासारखी. डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि चहाचा ट्रे तिथेच ठेवून मी आत जाऊन पडायचे. लोक म्हणाले, मुलगी फारच बुजरी. काही म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. दोन्हींवर इलाज झाले, गुण कशाचाच आला नाही. हळूहळू मी चार माणसांत बसायचंच सोडलं. त्यामुळे काकांच्या घरचं काम मला बरं पडलं. तिथे सहसा कोणी यायचं नाही.

त्यांच्या माजघरात जेवायच्या टेबलावर एक टोप असायचा. माझाच, भाताचा मोठा टोप, एक दिवस न विचारता नेलेला. त्यात खारं पाणी, आमच्या खाडीच्या पाण्याहून कितीतरी कमी खारं. रक्त जेवढं खारट असतं तेवढंच, असं ते म्हणत. टोपाच्या तळाशी बाजाराच्या दिवशी दादाने आणून दिलेलं बोकडाचं हृदय. बाजूला जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आणि पेटीतून निघालेली एक लांब, शेवयांहून थोडी जाड, मऊ तार. तिच्या टोकाला चकचकीत धातूचा मणी. हा मणी ते पाण्यात फिरवत राहायचे आणि पेटी टूं करत राहायची. हृदयाला मणी टेकला की आवाज बदलायचा. मग काका एकदम थांबायचे, मान वाकडी करायचे आणि परत सुरू.

काम करताना त्यांच्या एका पायात रबरी चप्पल असायची आणि दुसरा पाय उघडा. दादाने एकदा विचारलं, "काका, दुसरी चप्पल खंय गेली?"

"आसा की. कोनाड्यात."

"मगे घालत नाय?"

"एक पाय जमिनीवर व्हयो. नायतर माणूस हवेत जाता."

दादाला हे इतकं आवडलं की तो महिनाभर सगळ्यांना तेच सांगत फिरला.

प्रयोग संपला की ते ते हृदय पाण्यातून काढून माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "ह्याचां सुकां मटण कर." मी दोन पावलं मागे जायचे. मग ते हसायचे आणि हृदय कुत्र्याला जायचं. आमच्या वाडीतल्या कुत्र्याएवढं बोकडाचं हृदय कोणत्याच कुत्र्याने खाल्लं नसेल.

लोक त्यांना मानू लागले ते मात्र शहाळ्यांमुळे. मंदिराच्या आवारात शहाळी सोलत असताना पाणीवाला नारळ कुठला आणि मलईवाला कुठला यावरून दादा आणि त्याचे सोबती भांडत होते. काकांनी पेटी आणली. शहाळ्याला भोक पाडून तार आत सोडली. टूं वाजत राहिलं. तार आणखी आत गेली आणि त्या एका आवाजाचे दोन झाले, एक जाड, एक बारीक. "मलई," काका म्हणाले. "बोटभर तरी आसा." फोडलं तर खरोखरच होती. दुसऱ्या नारळात तार कवटीला टेकली तरी एकच आवाज. "नुसतां पाणी." तेही खरं निघालं. मग काय, प्रत्येकाला आपला नारळ तपासून हवा. म्हातारे लोक हातातलं शहाळं पुढे करून डॉक्टरपुढे बसावं तसे ओळीत बसले.

"मलय कशी बोलता ओ?" दादाने विचारलं.

"मलय जिवंत आसा. जां जिवंत आसा तां दोन आवाजात बोलता. कवटी मेलेली आसा, ती गप."

ही गोष्ट तेव्हा सगळे हसत हसत विसरून गेले. मीसुद्धा.

एके सकाळी पेज घेऊन गेले तेव्हा वाटेतच छाती सुटली. मी पडवीच्या पायरीवर बसले. जाड आवाज आला, "काय गो, बरी आसस?"

"बरी आसंय."

"काय गो, बरी आसस?"

माझ्या तोंडून आलं, "छातीत पळता."

त्यांनी हातातलं सगळं टाकलं. माझ्या मनगटावर बोटं ठेवली, मानेकडे बघितलं. "भरलेलो हंडो उचलताना पोटातसून जोर देतस मा, तसो दी. तोंड बंद. श्वास बंद. दी जोर." मी दिला. दोनतीनदा केल्यावर कोणीतरी चालत्या गाडीचा ब्रेक दाबावा तशी छाती थांबली, अडखळली, आणि नीट चालू लागली.

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या सांगण्यावरून थांबली होती. मला रडू आलं.

"तू बुजरी आसस म्हणान ह्यां होणा नाय," ते म्हणाले. "तुझ्या हृदयात एक वायर जास्त आसा. ती मधेच चालू होता."

"माका कोणी घातल्यान?"

"जन्मतानाच पडली. कंत्राटदारान जास्तीचा काम केल्यान." मग त्यांनी समजावून सांगितलं. पायाच्या शिरेतून तार वर सरकवत हृदयात नेतात. टोक बरोबर त्या जास्तीच्या वायरीला लावतात. टोक गरम करून वायर तेवढीच जाळतात. माणूस चालत घरी येतो.

"आत तर रगात आसतला," मी म्हटलं. "टोक लागला की नाय तां कसां दिसता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा तिसराच, साधा आवाज मी ऐकला, तोही पुसट. "तां समजूक व्हयां म्हणान तर हयसर येवन बसलंय."

त्या दिवशी मला त्यांचं काम कळलं. डॉक्टरांना तार पडद्यावर दिसते, पण ती भिंतीला टेकलीय की रक्तात तरंगतेय हे नुसतं बघून ठरत नाही. हाताचा अंदाज असतो, दुसरीही साधनं असतात, पण खात्री हवी. टेकली नसेल तर जळणार नाही. म्हणून तारेच्या टोकातून अगदी थोडी वीज सोडायची, माणसाला कळणारही नाही इतकी, आणि तिला किती अडथळा होतो ते मोजायचं. रक्तातून वीज सहज जाते. मांसाला टेकली की अडते. अडली, म्हणजे लागलं. इथपर्यंत सोपं. त्यांच्या कंपनीच्या यंत्रात एवढंच होतं. पण हृदयातून निघणाऱ्या शिरा अरुंद असतात. तार तिथे शिरली की कुठेही न टेकता वीज अडते, आणि यंत्र म्हणतं, लागलं.

"दाराक कडी लावलेली आसली तरी माणूस अडाकता," ते म्हणाले, "आणि दारात गर्दी आसली तरी अडाकता. लांबसून दोनय सारख्याच दिसता." त्यांनी कंपनीत हे सांगितलं होतं. वरच्या साहेबांनी त्यांना सांगितलं, तुम्ही फार विचार करता. ते तसेच घरी आले.

इथे येऊन त्यांनी एका विजेच्या दोन केल्या, एक संथ आणि एक चपळ. खाऱ्या पाण्यात दोघी सारख्याच चालतात. जागा अरुंद झाली तर दोघी सारख्याच अडतात. पण जिवंत किंवा नुकतंच कापलेलं ताजं मांस लागलं तर संथ असते ती मांसाच्या पडद्यांपाशी थांबते आणि चपळ असते ती पार होते. दोघींत अंतर पडतं. तेवढं अंतर ऐकायचं. पेटीतून दोन आवाज येत ते यासाठी. एकत्र चालले तर नुसतं पाणी, एकत्र चढले तर अरुंद जागा, आणि फुटून वेगळे झाले तर लागलं.

"तू डॉक्टरकडे जा," ते मला म्हणाले. "ह्या काम रोज होता. लोक बरे होतत."

"तुमची पेटी तयार झाली की जातलंय."

"खुळी काय? तोपर्यंत कशाक थांबतस?"

मी विळी पुढे ओढली. परक्या पुरुषांसमोर टेबलावर झोपायचं, ही एक भीती होतीच. पण दुसरीही होती. आपल्या हृदयात चालणाऱ्या तारेने खरं बोलावं एवढंच मला हवं होतं, आणि खरं बोलेल अशी एकच तार मला माहीत होती. ते रागावले, दोन्ही आवाजांत रागावले. मी भाजी चिरत राहिले. मी कोणाशी भांडत नाही, पण हललेही नाही. त्यानंतर ते कामाला लागले की कधी कधी माझ्याकडे बघायचे, आणि मला कळायचं, आता हे एकट्या त्यांचं राहिलेलं नाही.

शेवटी गोव्याकडच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई यायच्या ठरल्या. हृदयात तारा घालायचं काम त्या रोज करत. काकांनी त्यांना पत्रांवर पत्रं पाठवली होती. त्या येऊन बघणार होत्या आणि पटलं तर पेटी पुढे नेणार होत्या. पटलं नाही तर दुसरं कोणी येण्यासारखं नव्हतं. आधी जे जे डॉक्टर येऊन गेले ते परत फिरकले नव्हते. आणि नेमका तेव्हाच देवाचा कौल झाला.

आमच्याकडे काही वर्षांनी गावपळण होते. देवाने कौल दिला की गाव रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी शिवेबाहेर. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणूस पाऊल टाकत नाही. शिवेपलीकडे चिव्याच्या आणि माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या घालून सगळे एकत्र राहतात, मासे धरतात, भजनं करतात. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक बांबू. वाडीतल्या जाणत्यांना धाकधूक होती की काका ऐकणार नाहीत, पेटी सोडून निघणार नाहीत. ते विचारायला आले आणि बोलायच्या आधीच काकांनी त्यांना जाड आवाजात विचारलं, "खरोच कौल झालो?"

"झालो."

बारीक आवाजात, "खरोच कौल झालो?"

"झालो ओ."

"दोनय सारखी," काका म्हणाले आणि टोप आवरायला लागले.

आमच्या राहुटीला लागूनच दादाने त्यांची राहुटी घातली. मधला व्हाळ, म्हणजे ओढा, हीच शीव. व्हाळाच्या पलीकडे माडांतून त्यांच्या घराची कौलं दिसत होती. डॉक्टरीणबाईंची गाडी शेताच्या बांधाशी थांबली तेव्हा त्या आधी राहुट्यांकडे, मग बांधलेल्या म्हशींकडे आणि मग एका पायात चप्पल घातलेल्या काकांकडे बघत राहिल्या. "तुमचं घर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

काकांनी कौलांकडे बोट दाखवलं. "आज तिथे कोणी नाही. आम्ही सगळे इथे आहोत. या."

टोप मांडला, पेटी मांडली, ताजं हृदय दादाने बाजारातून आणलंच होतं. आणि मग काकांनी कपाळावर हात मारला. अरुंद शिरेसाठी ते एक प्लास्टिकची नळी वापरत. ती वाळत घातलेली तशीच घराच्या खुंटीवर राहिली होती. तिच्याशिवाय सगळ्यात महत्त्वाचं तेच दाखवता येणार नव्हतं.

"ते काय घर दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी गाडीने पाच मिनिटांत आणून देते."

"नाही."

"तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. "ह्या लोकांनी माझ्या तारेवर हसायचं सोडलं. मी त्यांच्या कौलावर हसणार नाही."

दादा म्हणाला, "नळीच व्हयी ना तुमका? थांबा जरा." तो कोयता घेऊन गेला आणि राहुटीसाठी तोडतात त्यातलाच एक चिवा कापून करंगळीएवढी पोकळ नळी घेऊन आला. काकांनी ती न बघताच घेतली आणि टोपात सोडली.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तार तुमच्या हातात असेल तर कुठे टेकली हे तुम्हाला आधीच माहीत असणार. तार मी धरते. तुम्ही पाठ करून बसा, नुसतं ऐका आणि सांगा."

वहिनीने लुगडं आडवं बांधलं. काका पलीकडे पाठ करून बसले. इकडे डॉक्टरीणबाई, आणि जमीन उतरती असल्यामुळे टोप दोन्ही हातांनी धरून मी. भोवती अख्खी वाडी. एरवी मी एवढ्या माणसांत बसलेच नसते, पण टोप कोणीतरी धरायला हवाच होता.

तार पाण्यात फिरली. टूं. "पाणी," काका पलीकडून म्हणाले.

तार हृदयाला टेकली. आवाज फुटला, जाड आणि बारीक. "लागलं."

परत पाणी. परत हृदय, ह्या वेळी अगदी हलकेच. "लागलं. पण दाब कमी आहे." डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या.

मग त्यांनी तार चिव्याच्या नळीत घातली. आवाज चढला आणि फुटला.

"लागलं," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तार सोडून दिली. "नाही," त्या हळू म्हणाल्या. त्यांनाच वाईट वाटल्यासारखं. "तार नळीत आहे."

कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. लुगड्याच्या पलीकडे काकांची सावली तशीच बसून होती. ज्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, ज्यासाठी मी थांबून राहिले, ते इथे ह्या टोपात संपलं असं मला वाटलं. माझी छाती सुटली. मी टोप सोडला नाही. पोटातून जोर दिला, हंडा उचलताना देते तसा. आणि इतक्या माणसांत, आयुष्यात पहिल्यांदा, मी मोठ्याने बोलले.

"काका, परत विचारा."

दादा माझ्याकडे बघत राहिला, जणू मला आत्ताच वाचा फुटली होती.

मग काका म्हणाले, "डॉक्टर, तार नळीच्या मधोमध धरा. कुठेही टेकवू नका."

त्यांनी धरली. दोन्ही आवाज चढले, पण एकत्र. "अरुंद जागा," काका म्हणाले. "लागलेलं नाही. बरोबर?"

"बरोबर," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या.

"आता नळीच्या आतल्या बाजूला टेकवा."

टेकवली. आवाज फुटला. "काढा." एकत्र. "टेकवा." फुटला. डॉक्टरीणबाई आपल्याच हाताकडे बघू लागल्या. "हे फक्त टेकल्यावरच होतंय," त्या म्हणाल्या.

काका उठले, लुगडं बाजूला करून आले आणि पाण्यातून चिवा काढून उजेडात धरला. "रे," त्यांनी दादाला जाड आवाजात विचारलं, "ह्यो चिवो केवा तोडलंस?"

"आताच मा. तुमच्या समोर गेलंय."

बारीक आवाजात, "केवा तोडलंस?"

"आताच तोडून हाडलंय सांगतंय मा. ओलोच आसा, बघा, पाणी गळता."

काकांनी चिव्याची हिरवी कड नखाने दाबली. पाण्याचा थेंब आला. मग ते हसू लागले, आणि त्यांना थांबता येईना. "जिवंत आसा," ते म्हणाले. "अरे, ह्यो अजून जिवंत आसा. शहाळ्यातली मलय तसो. पेटी खोटां बोलली नाय. आपण सगळे खोटां बोललो, पेटी नाय."

डॉक्टरीणबाई आपल्या पर्सकडे गेल्या. पेन काढलं, आतली शाईची कांडी काढून टाकली आणि रिकामी प्लास्टिकची नळी माझ्या टोपात सोडली. काकांना परत पाठ करून बसवलं. तार त्या नळीत घातली, भिंतीला टेकवली, काढली, परत टेकवली. आवाज चढला, एकत्रच राहिला.

"अरुंद," काका म्हणाले. "आणि भिंत मेलेली."

डॉक्टरीणबाई खाली गवतावर बसल्या. "मला माहीत नव्हतं ते ह्या पेटीने सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला पकडायला आले होते, आणि तिने मला पकडलं."

सगळ्यांना सगळं कळलं असं नाही, पण काका जिंकले एवढं कळलं. झांजा आणि पखवाज बाहेर आले. दादा आपण तोडलेला तो चिवा हातात घेऊन प्रत्येक राहुटीत दाखवत फिरला. त्याच्यामुळेच हे झालं असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काही नव्हती. डॉक्टरीणबाई आमच्या राहुटीत कुर्ल्यांचं कालवण जेवल्या. जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही टोप धरला होता तेव्हा तुमच्या मानेची शीर उडत होती. किती दिवस आहे हे?"

मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "ती माझ्या पेटीसाठी थांबलीय. हट्टी आहे."

"मग मला घाई करायला हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घाई म्हटली तरी वर्षं गेली. चाचण्या, परवानग्या, परत चाचण्या. काका मध्ये मध्ये जायचे, महिनाभर राहायचे, बारीक होऊन यायचे आणि दोन आवाजांत जेवण मागायचे. थांबू नकोस असं मलाही त्या मधल्या काळात कितीदा तरी सांगून झालं, डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोनवर सांगितलं, पण मी औषधाच्या गोळ्या घेत थांबले. मग एक दिवस त्यांचा निरोप आला. पेटी आता त्यांच्या इस्पितळात कामाला लागली होती.

मला तिथे झोपवलं तेव्हा मी जागी होते. पायाजवळची जागा बधिर केली होती. खोली थंड होती, माणसं पुष्कळ होती, त्यांत परके पुरुषही होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही वाटलं तर सांगा." मी डोळे मिटले. आणि मग ते ऐकू आलं. टूं. आमच्या माजघरातला, माझ्या भाताच्या टोपातला आवाज, आता माझ्या आतून येत होता. मी मनात म्हटलं, पाणी. थोडा चढला, एकत्र. मी म्हटलं, अरुंद. परत उतरला. खोलीतल्या कोणालाही माहीत नव्हतं की टेबलावर पडलेल्या बाईला सगळं कळतंय. मग तो फुटला. एक जाड, एक बारीक, अगदी स्वच्छ.

"लागला," मी मोठ्याने म्हटलं.

डॉक्टरीणबाई मास्कमागे हसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "लागलं."

छातीत थोडं गरम झालं, जरासं दुखलं. नंतर त्यांनी माझी छाती मुद्दाम पळवायचा प्रयत्न केला, औषध देऊन बघितलं, परत परत बघितलं. ती पळाली नाही. आजपर्यंत पळालेली नाही.

काका आता नाहीत. भरपूर जगले, झोपेतच गेले. त्यांची पेटी कुठल्या कुठल्या गावांत कोणाकोणाच्या हृदयात विचारत असते, ते मला माहीत नाही. मी आता बचतगटाच्या बैठकीला जाते आणि चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांपुढून फिरते.

इस्पितळात त्या दिवशी मला खोलीतून बाहेर आणलं तेव्हा काका दादाशेजारी बाकावर बसले होते. एका पायात रबरी चप्पल, दुसरा पाय इस्पितळाच्या फरशीवर उघडा. एक नर्स त्यांना त्यावरून बोलत होती आणि ते मान डोलवत ऐकत होते. मी दिसताच उठले, माझ्या चाकांच्या खाटेजवळ आले आणि वाकले.

"बरी आसस?"

तो जाड आवाज नव्हता आणि बारीकही नव्हता. त्यांचा स्वतःचा होता.

"बरी आसंय," मी म्हटलं, आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिले. त्यांनी तो विचारला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दादाला म्हणाले, "चल रे, आता माका भूक लागली."